उंबरठ्याच्या आतले कुत्रे

पनवेल स्थानकाच्या पश्चिमेला उतरून तुम्ही जुन्या गावात शिरलात, तर नव्या इमारतींच्या गर्दीत अंग चोरून उभे असलेले एखादे कौलारू घर आजही दृष्टीस पडते. गाव जुने आहे. येथील नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली या सिडकोच्या वसाहती तिच्या कक्षेत आल्या. गावाचा विस्तार कागदावर झाला त्याच्या कितीतरी आधी घरांचा आकार मात्र आतल्या आत बदलून गेला होता. आरोग्याच्या पाक्षिकात घरबांधणीचा विषय कशाला, असे तुम्हांला वाटेल. घरात वयोवृद्ध माणूस आणि खोडकर कुत्रा एकत्र नांदत असतील, तर त्या घराची रचना हा वैद्यकीय विषय आहे, हे मला पनवेलमधल्या एका घराने शिकवले. तेही मी एक चूक केल्यानंतर.

जुन्या घराची रचना आठवून पाहा. आधी अंगण, मग पायऱ्या चढून ओटी, तिच्यामागे माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसदार. प्रत्येक टप्प्यावर एक उंबरठा. कुत्रा अंगणात किंवा फार तर ओटीच्या पायरीशी. संध्याकाळची उरलेली भाकरी त्याला तिथेच मिळे, रात्रभर तो तिथेच जागे. खंडोबाचे आणि दत्ताचे कुत्रे तसबिरीत देवाच्या पायाशी असले, तरी घरातल्या कुत्र्याला देवघरात येण्याची मुभा नव्हती. त्याला कोणी शिस्त लावत नसे. ती घरानेच लावलेली असे. दिवसभर तो उकिरडे हुंगे, मांजरांच्या मागे धावे, माती उकरे, आणि दमून पायरीवर येऊन झोपे.

मग वाडे पडले आणि त्याच जागी इमारती उभ्या राहिल्या. अंगण नाही, ओटी नाही, परसदार नाही. दार उघडले की बैठकीची खोली आणि तिथून एका चिंचोळ्या मार्गिकेने सगळे घर एकमेकांशी जोडलेले. कुत्रा मात्र आता उंबरठ्याच्या आत आला. माती उकरण्याची त्याची भूक तशीच राहिली. फक्त मातीऐवजी सोफा आला, मांजराऐवजी पायपुसणे आले. आपण त्याला खोड्या म्हणतो.

ज्या कुटुंबाविषयी मी सांगतो आहे, त्यांचे घर वडाळे तलावापासून चालत पाच मिनिटांवर आहे. पूर्वी तिथे त्यांचाच वाडा होता. आता त्याच भूखंडावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची सदनिका आहे. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मधुमेही, एका कानाने अधू. काकू त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, हाडे ठिसूळ झालेली. नातवाच्या हट्टापायी बीगल जातीचे पिल्लू घरात आले. नातू शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि कुत्रा आजीआजोबांकडे राहिला. असे अनेक घरांत घडते, तुम्हीही पाहिले असेल. त्याचे नाव बंड्या. बीगल हा सशांच्या मागे दिवसभर धावण्यासाठी जोपासलेला शिकारी कुत्रा. त्याला साडेसातशे चौरस फुटांत ठेवल्यावर त्याने काय करावे? बंड्याने काकांचे श्रवणयंत्र चावून टाकले, काकूंची कवळी पलंगाखाली नेली, आणि दिवाळीत फराळाचा डबा उघडण्याची युक्ती शोधून काढली.

हे सारे हसण्यावारी गेले. पण एका पहाटे, पाचच्या सुमारास, काकू न्हाणीघराकडे निघाल्या असता अंधाऱ्या मार्गिकेत आडव्या झोपलेल्या बंड्यावर अडखळल्या. हात टेकून पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. खुबा वाचला, हे नशीब.

मी घरी गेलो तेव्हा मुलगा आणि सूनबाई दोघेही माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी फार विचार केला नाही. ‘कुत्रा आता घरात नको,’ असे सांगून टाकले. माझ्या सांगण्याला आधार नव्हता असे नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने २००१ ते २००६ या वर्षांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध केली. तिच्यानुसार तिथे कुत्र्यामांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्या माणसांची संख्या वर्षाला सरासरी ८६ हजारांहून अधिक होती, आणि त्यांपैकी सुमारे ८८ टक्के प्रसंग कुत्र्यांमुळे घडलेले होते. हाड मोडण्याचे प्रमाण वृद्धांमध्ये सर्वांत जास्त. आकडे माझ्या बाजूने होते. बंड्याची रवानगी कर्जतला एका नातेवाइकाच्या शेतावर झाली.

चार महिन्यांनी काका तपासणीसाठी आले तेव्हा त्यांची साखर चढलेली होती, वजन वाढले होते, आणि विचारलेल्या प्रश्नाला ते मान हलवून उत्तर देत होते. पूर्वी बंड्याला घेऊन ते रोज दोन वेळा तलावाला फेरी मारत. बल्लाळेश्वराच्या देवळापाशी दोन-तीन समवयस्क भेटत, कुत्र्याच्या निमित्ताने शाळेतली मुले थांबत. कुत्रा गेला आणि खाली उतरण्याचे कारणच संपले. बरोबर काकू होत्या. त्या एरवी मितभाषी. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, हात माझा मोडला आणि शिक्षा यांना झाली.’

मी निरुत्तर झालो. पडण्याचा धोका मी मोजला होता, पण चालण्याचा लाभ मोजायला विसरलो होतो. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, आणि बंड्या परत आला तर घरात काय काय बदलावे लागेल, हे आम्ही चौघांनी मिळून खोलीखोलीतून फिरून ठरवले. आता तुम्हीही माझ्याबरोबर त्या घरातून फिरा.

पहिली गोष्ट, वाड्यातला उंबरठा आम्ही परत आणला. पण फळीचा नव्हे. उंच उंबरठा हा म्हाताऱ्या पायांचा शत्रूच. मार्गिकेच्या तोंडाशी कमरेइतक्या उंचीचे, भिंतीला बिजागरीने लावलेले जाळीचे फाटक बसवले. ते उघडून जायचे, ओलांडून कधीच नाही. लहान मुलांसाठी मिळणारी काही फाटके तळाशी पट्टी असलेली असतात. त्या पट्टीतच पाय अडकतो, म्हणून तसली घेऊ नका. रात्री नऊनंतर बंड्या फाटकाच्या बैठकीकडील बाजूला, निजायच्या खोल्या आणि न्हाणीघर दुसऱ्या बाजूला. पहिल्या तीन रात्री त्याने आकांत केला. चौथ्या रात्री झोपला. काकांची जुनी बंडी त्याच्या अंथरुणात टाकल्याचा बराच उपयोग झाला असावा.

मार्गिकेत जमिनीपासून हातभर उंचीवर एक मंद दिवा रात्रभर जळतो. बंड्याच्या गळपट्ट्याला लहानसे घुंगरू बांधले आहे. काकांच्या कमी ऐकू येण्यामुळे त्यांना त्याचा फारसा उपयोग नाही, काकूंना आहे. काकांसाठी गळपट्टाच पिवळाजर्द घेतला, कारण बंड्याचा रंग फरशीत मिसळून जात असे. ज्यांचे मोतीबिंदू अजून काढायचे आहेत त्यांनी हे अवश्य करावे.

फरशीकडे नीट पाहा. गुळगुळीत फरशीवर कुत्र्याचे पाय घसरतात, म्हणून तो धावताना कशावर तरी आपटतो. सांडलेल्या पाण्यावर माणसाचा पाय घसरतो. सुट्या सतरंज्या आणि घडी पडणाऱ्या चटया आम्ही उचलून टाकल्या. त्यांच्या जागी खाली रबर असलेल्या, जागेवरून न हलणाऱ्या दोन पट्ट्या आल्या. पाण्याचे भांडे स्वयंपाकघराच्या वाटेवरून हलवून गॅलरीत नेले. ते जड मातीचे, न कलंडणारे घेतले. नखे दर तीन आठवड्यांनी कापली जातात. लांब नखांचा ओरखडा तरुण त्वचेला काही करत नाही, पण रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाच्या कागदासारख्या त्वचेवर तोच ओरखडा तळहाताएवढी जखम करतो.

आता वस्तूंविषयी. कुत्रा श्रवणयंत्र का चावतो? त्याला तुमच्या कानाचा वास येतो आणि यंत्राची बारीक शीळ त्याला ऐकू येते. कवळीचेही तेच. दोन्ही वस्तू रात्री झाकणाच्या डब्यात आणि डबा खांद्याच्या उंचीवर ठेवायचा. श्रवणयंत्रातले बटणासारखे विद्युतघट कुत्र्याने गिळले तर आतडे पोळू शकते. अशा वेळी वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. औषधांच्या बाबतीत तर मी कठोर आहे. उशाशी किंवा खुर्चीच्या हातावर ठेवलेली गोळ्यांची पट्टी कुत्र्याला खेळणे वाटते. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काहीही कुत्र्याच्या पोटात गेले तर त्याच्या जिवावर बेतू शकते. आणि गोळ्या नाहीशा झाल्यामुळे काकांनी त्या दिवशी घेतल्या की नाही, हेही कोणाला कळत नाही, हा दुसरा घोळ. मधुमेह्यांच्या घरात आणखी एक पदार्थ असतो. साखरविरहित च्युइंगममध्ये आणि काही टूथपेस्टमध्ये झायलिटॉल असते. माणसाला ते चालते. कुत्र्याची साखर मात्र त्याने झपाट्याने उतरते. मनुका, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट हेही त्याला वर्ज्य. नैवेद्याच्या वाटीतले बेदाणे प्रेमाने भरवणाऱ्या आज्या मला माहीत आहेत.

घराला येणारा वास हा तर प्रत्येक कुत्रेवाल्या घराचा नाजूक विषय. पाहुणे बोलत नाहीत, पण येणे कमी करतात, आणि वृद्धांच्या बाबतीत येणेजाणे कमी होणे हे मी आजारातच धरतो. कुत्र्याने घरात लघवी केली तर आधी जुन्या कापडाने टिपून घ्या, मग पाणी, मग पाण्यात मिसळलेला पांढरा व्हिनेगर. अमोनिया असलेले द्रव वापरू नका. लघवीतही अमोनियाचाच वास असल्यामुळे कुत्र्याला ती आपलीच जागा वाटते आणि तो पुन्हा तिथेच जातो. फिनेल लावायचेच असेल तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला दूर ठेवा, कारण तो पाय चाटतो. आणि ओल्या फरशीवरून म्हाताऱ्या माणसाला कोणत्याही कारणाने जाऊ देऊ नका. फरशी पुसायची वेळ काका-काकू दुपारी झोपतात तेव्हाची ठरवली आहे.

पनवेलचा पावसाळा हा निराळाच अध्याय आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला माथेरान आणि कर्नाळ्याचे डोंगर. पाऊस चार महिने गावात मुक्कामाला येतो. या दिवसांत बंड्याचे बाहेर जाणे घटते आणि घरातला उच्छाद वाढतो. दाराच्या आत एक जाड पायपुसणे, त्याच्या शेजारी दोन जुने पंचे आणि एक स्टूल, एवढी मांडणी जून लागताच होते. स्टूल काकांसाठी, वाकून कुत्र्याचे पाय पुसताना तोल जातो, बसून पुसावेत. बोटांमधली ओल राहिली तर त्याला बुरशी होते आणि ती माणसालाही लागते. कानांच्या मागे व बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावी.

साचलेले पाणी उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले असते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने किती बळी घेतले, ते आमच्या पिढीचे डॉक्टर विसरलेले नाहीत. कुत्र्यालाही तो होतो आणि त्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो. म्हणून पाण्याच्या डबक्यातून त्याला नेऊ नये, पशुवैद्याकडून या रोगाची लस टोचून घ्यावी आणि घरात लघवी साफ करताना हातमोजे घालावेत. पायाला मधुमेहाची जखम असणाऱ्याने हे काम करूच नये.

जखमेवरून आठवले. तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, पाठीला शय्याव्रण असेल, लघवीची नळी किंवा प्राणवायूची नळी लावलेली असेल, तर कुत्र्याला खोलीत येऊ द्या पण पलंगावर नको. नळी त्याच्या दृष्टीने दोरी असते. जखम चाटली की बरी होते, ही समजूत आजही ऐकू येते. कुत्र्याच्या लाळेत असे जंतू असतात की जे क्षीण झालेल्या शरीरात रक्तदोष घडवू शकतात. आजारी माणसाचा हात पलंगाच्या कडेला लोंबत असावा आणि कुत्र्याने खाली बसून त्यावर डोके टेकवावे, इतपत सलगी पुरे. ती मोलाची असते, हेही मी पाहिले आहे.

या सगळ्या व्यवस्थेपेक्षा बंड्याला खरे शांत केले ते मात्र दोन गोष्टींनी. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला न चुकता फेरफटका, आणि घरातला काही उद्योग. दमलेला कुत्रा सोफा फाडत नाही. काकू त्याचे सकाळचे खाणे ताटलीत देत नाहीत. जुन्या पंच्याच्या गुंडाळीत आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत लपवून ठेवतात. अर्धा तास तो हुंगत, उकलत बसतो. त्यांना हा प्रकार सूनबाईंनी शिकवला. चघळायला दोरीची गाठ आणि टणक रबराचे खेळणे दिले आहे, जुनी चप्पल मुद्दामच नाही. एक चप्पल दिली की घरातल्या सगळ्या चपला दिल्यासारख्या होतात. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे त्याला कसे कळावे? दाराची घंटा वाजली की उडी मारण्याची सवय मोडायला मात्र सहा आठवडे लागले. घंटा वाजली की फाटकामागे जायचे आणि तिथे खाऊ मिळायचा, हे रोज दहा वेळा घडवावे लागले. उडी मारल्यावर ओरडणे किंवा हाताने ढकलणे यांचा उपयोग झाला नाही. त्याला तो खेळच वाटे.

फिरायला नेताना पट्टा मनगटाला गुंडाळू नका. मांजर दिसताच कुत्रा हिसका देतो आणि माणूस त्याच्यामागे ओढला जातो. पट्टा मुठीत असावा, म्हणजे वेळ आली तर सोडून देता येतो. पळालेला कुत्रा बहुधा सापडतो. मोडलेल्या खुब्यातून पूर्वीसारखे चालणे सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही. काका आता गळ्याऐवजी छातीवर बांधायचा पट्टा वापरतात, त्याने ओढ कमी होते. दुसऱ्या हातात काठी. खाली पडलेली विष्ठा उचलायची पिशवी त्यांच्या खिशात असते, आणि ज्या दिवशी कंबर धरते त्या दिवशी खालचा रखवालदार ती उचलतो. त्याबद्दल त्याला महिन्याला काही ठरवून दिले आहे. यामुळे सोसायटीतल्या अर्ध्या तक्रारी मिटल्या. उरलेल्या अर्ध्यांसाठी एवढे सांगतो की, सोसायटीला कुत्रा पाळण्यास किंवा लिफ्टमधून नेण्यास बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केलेले आहे. परंतु कायदा दाखवून मिळवलेली शेजारशांती फार टिकत नाही.

चाव्याबद्दल न बोलता हा लेख पुरा होणार नाही. घरचा, लस टोचलेला कुत्रा खेळता खेळता लागला तरीही जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवा. पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा लांब असतात. हळद, चुना, तिखट काही लावू नये. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. लस लागते की नाही, हे घरात बसून ठरवू नये. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच गेले. आता लस दंडात, ठरलेल्या तारखांना देतात, आणि खोल चाव्यात जखमेभोवती प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागते. रेबीज एकदा झाला की उपचार नाही, म्हणून येथे आळसाला जागा नाही. कुत्र्याची वार्षिक लस आणि पशुवैद्याने सांगितलेल्या मुदतीने जंतनाशक यांची तारीख काकांच्या दिनदर्शिकेवर, त्यांच्या स्वतःच्या तपासणीच्या तारखेशेजारीच लिहिलेली असते.

मी अजूनही काही घरांना नाही म्हणतो. कंपवाताने पाऊल अडखळणारा माणूस आणि दहा महिन्यांचा लॅब्राडोर, ही जोडी मला भीतिदायक वाटते. पंच्याहत्तरीनंतर एकटेपणावर उपाय म्हणून पिल्लू आणून देणाऱ्या, विशेषतः परदेशातल्या, मुलांना मी सांगतो की, पिल्लू नको. दात येण्याच्या वयातले ते पाच-सहा महिने तिशीतल्या माणसालाही जेरीस आणतात. द्यायचाच असेल तर वय सरलेला, शांत स्वभावाचा गावठी कुत्रा द्या, आणि तुमचे आईवडील रुग्णालयात दाखल झाले तर त्याला कोण नेणार, त्या व्यक्तीचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक आजच फडताळाच्या दारावर चिकटवा. ही चिठ्ठी नसल्यामुळे रुग्णालयात भरती व्हायला नकार देणारी माणसे मी पाहिली आहेत.

काकूंचे मनगट जुळले, पण थोडे वाकडेच. कणीक मळताना अजून दुखते. बंड्या आता सहा वर्षांचा आहे. दिवाळीच्या डब्याला काकूंनी कुलूप लावले आहे. गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी वडाळे तलावाच्या कडेने चाललो असताना काका बाकावर बसलेले दिसले. बंड्या त्यांच्या पायाशी बसून कोणाच्या तरी हातातल्या भेळेकडे एकाग्रतेने पाहत होता. मी थांबलो, साखरेचे विचारले. काकांना ऐकू आले नाही. नवे श्रवणयंत्र घरी, उंच डब्यात, सुरक्षित होते.